हनुमान, गुरू

(१५ मार्च १९०१ – २४ मे १९९९). दिल्लीतील ख्यातनाम कुस्ती-प्रशिक्षक. मूळ नाव विजयपाल. जन्म राजस्थानातील झुंझुनू जिल्ह्यात, चिडावा येथे. लहानपणापासून कुस्तीचा नाद. पोटापाण्यासाठी १९१९ मध्ये दिल्लीला आले आणि सब्जी मंडी भागात बिर्ला गिरणीजवळ त्यांनी दुकान थाटले. दुकानापेक्षा त्यांचे मन मातीत अधिक रमे. बिर्लांच्या आश्रयाने रोशनआरा रस्त्यालगत ‘बिर्ला व्यायामशाळा’ उभी राहिली. तीच पुढे ‘गुरू हनुमान अखाडा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. हनुमानाचे भक्त असल्याने त्यांनी त्याचेच नाव धारण केले. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले.

महाराष्ट्रात ज्याला तालीम आणि वस्ताद म्हणतात, त्याचेच हे उत्तरेकडील रूप. मुले अखाड्यातच राहत. पहाटे उठून हौद्यातील माती फावड्याने उकरायची, ती सपाट करायची, मग जोर-बैठका आणि लढती; संध्याकाळी पुन्हा तेच. खुराक शाकाहारी : दूध, तूप, बदाम. शिस्त कडक, पण शिष्याचा सांभाळ घरच्यासारखा.

मातीवरच्या पारंपरिक कुस्तीचा निकाल चितपटीवर लागतो. तिथे दम आणि पकड मोलाची. गादीवर मात्र वेळ मोजकी असते, गुण मिळतात, त्यामुळे चपळाई आणि पायांवरची झडप निर्णायक ठरते. मातीत वाढलेले मल्ल या गादीवर उभे करणे, हे गुरू हनुमान यांचे खरे कार्य. त्यांचे शिष्य सुदेशकुमार आणि प्रेमनाथ १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये आपापल्या वजनगटांत चौथे आले. १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदके मिळवली. कर्तारसिंग यांनी १९७८ (बँकॉक) आणि १९८६ (सोल) च्या आशियाई स्पर्धांत, तर सतपाल यांनी १९८२ मध्ये दिल्लीतच, १०० किलो गटात, आशियाई सुवर्ण जिंकले. मराठी कुस्तीशौकिनांना सतपाल विशेष परिचयाचे : बेळगावच्या मैदानात हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्यांना दिलेली मात जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात.

भारत सरकारने गुरू हनुमान यांना पद्मश्री (१९८३) आणि द्रोणाचार्य पुरस्कार (१९८७) देऊन गौरवले. वयाच्या नव्वदीनंतरही त्यांचे अखाड्यावरचे लक्ष सुटले नाही. हरिद्वारला जात असताना मेरठजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

सतपाल यांनी पुढे दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मल्ल घडवले. त्यांचा शिष्य सुशीलकुमार याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकावले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यानंतर, तब्बल ५६ वर्षांनी, कुस्तीत भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय.