डफ, तुणतुणं आणि १ मे

पोवाडा सुरू होण्याआधी डफ शेकावा लागतो. लाकडी कड्यावर ताणून बसवलेलं कातडं दमट हवेत सैल पडतं आणि थाप बद्द वाजते. मग चार काटक्या किंवा रद्दी कागद पेटवायचे, त्या धगीवर डफ फिरवत धरायचा आणि मधूनमधून बोटांनी टिचकी मारून पाहायची. कातडं तापून ताठ झालं की आवाज खणखणीत येतो. मुंबईच्या हवेत तर याला पर्यायच नाही. लालबाग-परळच्या चाळींत डफ शेकण्याचा जाळ दिसला, की वरच्या मजल्यांवरची माणसं खाली उतरायला लागायची.

दरवर्षी १ मे रोजी शिवाजी पार्कवर ध्वजवंदन आणि संचलन होतं, हुतात्मा चौकात पुष्पचक्रं वाहिली जातात, शाळा-सोसायट्यांमध्ये फेटे आणि नऊवारी बाहेर निघतात. लावणी, कोळीनृत्य, गोंधळ असा कार्यक्रम रंगतो आणि त्यात एखादा पोवाडाही असतो. त्यात काही वाईट नाही. मात्र राज्य होण्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत पोवाडा, छक्कड आणि वग यांचं काम फार मोठं होतं. बातमी पोचवणं, बाजू मांडणं, सभा जमवणं, संप टिकवणं ही सगळी कामं त्यांनी केली. महाराष्ट्र दिन ज्या लोककलांनी साजरा होतो, त्याच कलांनी हे राज्य मागितलं होतं.

मागणी पहिल्यांदा ठामपणे उच्चारली गेली ती साहित्यिकांच्या मांडवात. मे १९४६ मध्ये बेळगावला साहित्य संमेलन भरलं. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे शंकरराव देव यांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली, १९५३ मध्ये नागपूर करार झाला, भाषावार प्रांतांसाठी फाजल अली आयोग नेमला गेला. हा सगळा इतिहास ठरावांचा, निवेदनांचा आणि शिष्टमंडळांचा आहे. तो महत्त्वाचा आहेच, पण पाळीभर साच्यावर उभं राहून घरी आलेल्या गिरणी कामगाराला आयोगाचा अहवाल कोण वाचून दाखवणार होतं?

ते काम शाहिरांकडे आलं, आणि ते त्यांना नवं नव्हतं. पोवाड्याची परंपराच घडलेली गोष्ट लोकांपर्यंत नेण्याची आहे. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधावर पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीच्या सिंहगडावर. पेशवाईत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, सगनभाऊ झाले. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला आणि महाराजांना रयतेचा राजा म्हणून उभं केलं. त्या दिवसापासून पोवाडा हे राजकीय विचार मांडण्याचंही साधन झालं. मांडणी साधी असते. मुख्य शाहीर डफावर थाप देत कथन करतो, तुणतुण्याची एकच तार सूर धरून ठेवते, झांज ताल राखते आणि मागचे झीलकरी ‘जी जी’ करत ओळ उचलून धरतात. शाहीर थांबून गद्यात बोलतो, समजावतो, डिवचतो, पुन्हा गाण्यावर येतो. वाचता न येणाऱ्या माणसालाही चार तास गुंतवून ठेवणारी ही रचना आहे.

गिरणगावात तिला तयार श्रोते मिळाले. सातारा, सांगली, पुणे, अहमदनगर, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून आलेली माणसं चाळीच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. बायकामुलं गावाला, जेवण खाणावळीत. कोकणातले लोक नमन-खेळे आणि जाखडी घेऊन आले, देशावरचे तमाशा आणि पोवाडा घेऊन आले. भजनी मंडळं, गणेशोत्सव, आखाडे, लालबागचं हनुमान थिएटर, परळचं कामगार मैदान यांतून एक सबंध संस्कृती उभी राहिली. १ मे हा कामगार दिन तर लाल झेंड्याखालच्या या वस्तीला आधीपासून ओळखीचा होता.

याच वस्तीत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक निघालं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ही तीन माणसं त्याच्या मुळाशी होती. त्यांतले अण्णा भाऊ आणि अमर शेख कुठून आले हे पाहिलं, की महाराष्ट्र म्हणजे काय याचं उत्तर वेगळं शोधावं लागत नाही.

अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. १ ऑगस्ट १९२० चा त्यांचा जन्म, मातंग समाजातला. शाळा दीडेक दिवसाची. वडिलांबरोबर वाटेगावहून चालत मुंबई गाठली, मिळेल ती कष्टाची कामं केली, गिरणीत राबले आणि अक्षरओळख स्वतःच्या जोरावर केली. स्टॅलिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा लिहिला, बंगालच्या दुष्काळावर लिहिलं. सातासमुद्रापलीकडचं युद्ध चाळीतल्या माणसाला डफावर समजावून सांगणारा हा लेखक पुढे ‘फकिरा’ लिहिणार होता.

अमर शेख बार्शीचे. १९१६ चा जन्म, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार अशी कामं करत ते चळवळीत आले. त्यांचा पहाडी आवाज मोठ्या सभेच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. ते कवी होते हे मात्र त्या आवाजापुढे लोक विसरतात. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे संग्रह आज किती घरांत असतील, हा प्रश्न मराठी वाचकाने स्वतःला विचारावा असाच आहे.

या मंडळींनी जुन्या तमाशात मोठा बदल घडवला. गण, गवळण, बतावणी, वग हा त्याचा ठरलेला क्रम. अण्णा भाऊंनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला, हुतात्म्यांना, कष्टकऱ्यांना वंदन आणलं, गवळण काढून टाकली आणि वगात सावकार, गिरणीमालक, पुढारी आणले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा हाच खेळ लोकनाट्य या नावाने उभा राहिला. ‘अकलेची गोष्ट’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्यं लोकांनी डोक्यावर घेतली. मुंबई कोणाची, या प्रश्नावर नेते दिल्लीत वाद घालत होते त्याच काळात गिरणगावातल्या मंचावर त्याचं उत्तर दिलं जात होतं: ज्यांनी ही नगरी हातांनी बांधली आणि आजही जे तिचे साचे चालवतात, त्यांची.

ऑक्टोबर १९५५ मध्ये फाजल अली आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. विदर्भ वेगळा, आणि उरलेल्या मराठी मुलखाचं गुजरातीभाषक प्रदेशासह द्विभाषिक राज्य, अशी त्याची शिफारस होती. २१ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, विधानसभेच्या दिशेने निघालेल्या लोकांवर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि १५ माणसं मारली गेली. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर केलं आणि शहर पेटलं. पुन्हा गोळीबार झाले. आंदोलनातल्या हुतात्म्यांचा १०५ हा आकडा मराठी माणसाच्या तोंडी आजही आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. केशवराव जेधे, एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, उद्धवराव पाटील अशी एरवी एका व्यासपीठावर न बसणारी माणसं एकत्र आली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. नोव्हेंबरमध्ये अत्र्यांचं ‘मराठा’ दैनिक सुरू झालं.

‘मराठा’ सकाळी वाचला जाई आणि शाहीर रात्री ऐकला जाई. सभांमध्ये भाषणांच्या आधी शाहिरी असे, कारण माणसं आधी गाण्याला जमत आणि मग भाषणाला थांबत. अमर शेख, गवाणकर, शाहीर आत्माराम पाटील यांनी आंदोलनाची कहाणी गावोगाव नेली.

या सगळ्या रचनांमध्ये अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड वेगळी थांबून ऐकावी अशी आहे. सुरुवात होते ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा तिच्या रूपाचं, तिच्या स्वभावाचं वर्णन करतो, निघतानाची तिची अवस्था सांगतो. समोर बसलेल्या शेकडो माणसांची बायको तेव्हा गावालाच असायची. त्यामुळे पहिल्या दोन कडव्यांतच श्रोते शाहिराच्या मुठीत येत. मग मुंबई येते: एकीकडे श्रीमंतीचा झगमगाट, दुसरीकडे बेकारी आणि भूक. आणि मग कुठलाही सांधा न दिसता ही विरहिणी मैना मराठी मुलूख होऊन जाते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्याचं दुःख तेच, गावावर राहिलेल्या मैनेचं. राजकीय मागणी माणसाच्या काळजात कशी उतरवावी याचा याहून चांगला नमुना मराठीत दाखवणं अवघड आहे. सीमाप्रश्नावर पुढे ग्रंथ झाले, आयोग झाले. पण सीमा म्हणजे ताटातूट, हे एका चाळकऱ्याला कळेल अशा शब्दांत या छक्कडीनेच सांगितलं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ यांना धरून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मतं दिली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने प्रचंड मोर्चा काढला. शिवाजी महाराजांवरचे पोवाडे ऐकत वाढलेली माणसं त्या मोर्चात होती. अखेर इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष असताना, १९५९ मध्ये द्विभाषिक मोडण्याची हालचाल सुरू झाली आणि एप्रिल १९६० मध्ये संसदेने कायदा केला. राजभवनातल्या सोहळ्यात नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याचा दिव्यांनी उजळलेला नकाशा प्रकट झाला. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन्ही राज्यं १ मे १९६० ची. महाराष्ट्रात तेव्हा २६ जिल्हे होते: विदर्भाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि उरलेले तेरा मुंबई, कोकण, खानदेश आणि देशावरचे.

या राज्यजन्माच्या वेळचं गीत म्हणजे ‘जय जय महाराष्ट्र माझा’. महाराष्ट्रगीतं त्याआधीही होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं होतं, गोविंदाग्रजांचं होतं. पण या गीताला डफाचा जोम मिळाला. लिहिलं राजा बढे यांनी, ते नागपूरचे. वेगळ्या विदर्भाची मागणी जिथे जोरात होती, त्या शहरातल्या कवीने सगळ्या मुलखाचं एक गीत लिहावं, याचं मोल मोठं आहे. चाल श्रीनिवास खळ्यांची. भावगीतांच्या तलम चालींसाठी ओळखल्या जाणाऱ्या खळ्यांनी इथे पोवाड्याची ठेवण जपली. आणि आवाज शाहीर साबळ्यांचा. कृष्णराव साबळे वाई तालुक्यातल्या पसरणीचे, साने गुरुजींच्या प्रभावात घडलेले. कवी विदर्भाचा आणि शाहीर साताऱ्याचा, असा हा योग जुळून आला. १९ फेब्रुवारी २०२३ च्या शिवजयंतीपासून हे अधिकृत राज्यगीत आहे.

साबळ्यांनी पुढे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ रंगमंचावर आणली. गण, गवळण, लावणी, कोळीगीत, वासुदेव, गोंधळ, भारूड एका कार्यक्रमात गुंफले. आज १ मे च्या रात्री गावोगाव जे सांस्कृतिक कार्यक्रम होतात, त्यांचा साचा बव्हंशी या लोकधारेचा आहे. शहरात वाढलेल्या पिढ्यांना वासुदेवाची टोपी आणि गोंधळ्याचं संबळ इथेच पहिल्यांदा दिसलं, हे उपकार मोठे आहेत.

चळवळीच्या शाहिरांच्या वाट्याला मात्र फार काही आलं नाही. ‘फकिरा’ला राज्य पुरस्कार मिळाला, तरी अण्णा भाऊंची अखेरची वर्षं हलाखीची गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, वयाची ४९ वर्षंही पुरी झाली नव्हती. दीड महिन्याच्या आत, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ अपघातात गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि शाहिराचा रोजचा श्रोता उपनगरांत, गावांत पांगला. २००२ मध्ये अण्णा भाऊंवर टपाल तिकीट निघालं, २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हे योग्यच झालं. पण १ मे च्या कार्यक्रमपत्रिकेत ‘माझी मैना’ पूर्ण, शेवटच्या कडव्यापर्यंत गायली जाणं हाही त्यांचा हक्क आहे. बऱ्याचदा ती पहिल्या दोन कडव्यांवर, प्रेमगीत म्हणून थांबवली जाते.

कारण त्या शेवटच्या भागातली तक्रार जुनी झालेली नाही. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बेळगाव, कारवार, निपाणी कर्नाटकात राहिले. या सीमाप्रश्नासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाच्या शिफारशी महाराष्ट्राने नाकारल्या. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो अजून निकाली निघालेला नाही. १९५६ ची राज्यरचना अमलात आली तो १ नोव्हेंबर बेळगावात मराठी माणसं काळा दिवस म्हणून पाळतात.