कानाला तळटीप दिसत नाही

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधले सातजण हाफ मॅरेथॉन धावणार होते. आदल्या संध्याकाळी पास्ता खाता खाता मी त्यांना फिडिपिडीसची गोष्ट रंगवून सांगितली. इ.स.पू. ४९०. मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने पर्शियन सैन्याला हरवलं, हा गडी तिथून अथेन्सपर्यंत धावत आला, "जिंकलो" म्हणाला आणि कोसळून मेला. टीम एकदम खूश! गोष्ट मी धावण्यावरच्या एका ऑडिओबुकात ऐकली होती.

मग महिन्याभराने हिरोडोटस ऐकायला घेतला आणि तोंडावर पडलो.

या लढाईबद्दल आपल्याकडे असलेला सगळ्यात जुना सविस्तर वृत्तांत त्याचाच. त्यात फिडिपिडीस धावतो, पण लढाईच्या आधी आणि अथेन्सहून स्पार्टाला, मदत मागायला. अंतर साधारण २४० किलोमीटर, आणि पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पोचतो! स्पार्टावाले सांगतात, पौर्णिमेपर्यंत निघता येणार नाही. तो मेल्याचं अक्षरही नाही. लढाईनंतर अथेन्सकडे धावतं ते अख्खं सैन्य, कारण पर्शियन जहाजं वळसा घालून शहराकडे निघालेली असतात. बातमी सांगून मरणारा धावपटू भेटतो तो प्लुटार्क आणि लुशियनमध्ये, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षांनी. प्लुटार्ककडे तर त्याचं नावही वेगळं आहे. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआलने शर्यत सुचवली ती या उशिराच्या गोष्टीवरून.

आता प्रश्न असा की मी फसलो कसा? दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमध्ये चुका शोधणारा माणूस मी! माझं मत असं की दोष कानाचा आहे. छापील पानावर शंका आली की डोळा थांबतो, बोट मागची टीप शोधतं. कानात मात्र आवाज सव्वापट वेगाने पुढे निघून गेलेला असतो, आणि खात्रीचं वाक्य काय अन् अंदाजाचं काय, निवेदक दोन्ही त्याच भारदस्त सुरात वाचतो. पोवाडा ऐकताना शाहिराला कोणी पुरावा मागत नाही, तसंच.

'द बॉईज इन द बोट' घ्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पोरांची ही कहाणी, एडवर्ड हर्मनच्या आवाजात. अंतिम शर्यतीत अमेरिका ६ मिनिटं २५.४ सेकंद, इटली फक्त ०.६ सेकंदाने मागे. ते ऐकताना माझा बसस्टॉप मागे गेला! लेखक डॅनियल जेम्स ब्राऊन त्या नावेतल्या जो रँट्झशी स्वतः बोललाय, त्यामुळे विश्वास बसतो. तरीही कुठलं वाक्य मुलाखतीतलं, कुठलं डायरीतलं, हे ऐकताना कळत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या टिपा कानात उतरत नाहीत.

याउलट मेरी बिअर्डचं 'एसपीक्यूआर'. सुरुवात इ.स.पू. ६३ पासून, सिसेरो विरुद्ध कॅटिलाईन. इथे बाई ठामपणे निकाल देत नाहीत. आपल्याकडे आलंय ते मुख्यतः सिसेरोच्या बाजूचं, मग कॅटिलाईन खरंच तेवढा धोकादायक होता का, असं विचारत बसतात. पहिल्यांदा मी वैतागलो, म्हटलं धड काही सांगतच नाही ही बाई. आता वाटतं, ऐकण्यासाठी इतिहास असाच लिहायला हवा. शंका टिपेत नाही, वाक्यातच.

गंमत म्हणजे हिरोडोटसला हे तेव्हाच जमलं होतं. वाटेत डोंगरावर फिडिपिडीसला पॅन देव भेटला, असं तो लिहितो, पण लगेच हेही सांगतो की हे फिडिपिडीसनेच अथेन्सवाल्यांना सांगितलं. म्हणजे कोण म्हणतो ते तिथल्या तिथे. पुस्तकं मोठ्याने वाचली आणि ऐकली जायची तो काळ. कानाला तळटीप दिसत नाही हे तेव्हाच्या लेखकाला वेगळं सांगावं लागत नसणार.

त्यामुळे खेळाची पुस्तकं मी आजही बिनधास्त ऐकतो. फक्त गोष्ट फारच चपखल बसली की पॉज दाबून स्वतःला विचारतो, "हे कोण म्हणतो?"

असो. त्या सातजणांना नंतर खरी गोष्ट सांगितली. एकजण हळहळला, "अरे, मेला असता तर बरं झालं असतं रे, स्टोरी मस्त होती."

मग मी २४० किलोमीटरचा आकडा सांगितला. एकवीसमध्येच पाय आखडलेली मंडळी गप्प झाली.