संगणकीय खेळांतील पूरक आज्ञावली : मोफत परंपरा आणि मोबदल्याचा प्रश्न

प्रस्तावना :
मूळ संगणकीय खेळात नवे नकाशे, पात्रे किंवा कथानक यांची भर घालणाऱ्या पूरक आज्ञावलीस 'मॉड' असे म्हणतात. अशा आज्ञावली बहुतांशी हौशी खेळाडू तयार करतात आणि त्या दीर्घकाळ विनामूल्य दिल्या जात होत्या. त्यांना मूल्य आकारावे काय, या प्रश्नाने २०१५ साली तीव्र रूप धारण केले. प्रस्तुत निबंधात या वादाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

मोफत परंपरेची जडणघडण :
'इड सॉफ्टवेअर' या अमेरिकन कंपनीचा 'डूम' हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खेळाचे इंजिन आणि नकाशे-चित्रांची सामग्री स्वतंत्र फाइलींत ठेवलेली असल्याने मूळ आज्ञावलीस धक्का न लावता नवी भर घालणे शक्य झाले. मोफत वाटपामागे हौस होती, तशीच कायद्याची चौकटही होती. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या खेळाच्या परवान्यानुसार खेळाडूंना स्वतः रचलेले नकाशे केवळ विनामूल्य देण्याची मुभा होती. तरीही असे ३०० नकाशे 'मायक्रो स्टार' कंपनीने सीडीवर विकले. १९९८ साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने या प्रकरणात मूळ खेळाच्या हक्कधारकांच्या बाजूने निर्णय दिला. परिणामी, मोबदल्याचा मार्ग मूळ कंपनीच्या संमतीतूनच जाऊ लागला. 'हाफ-लाइफ'वर आधारित 'काउंटर-स्ट्राइक' हे १९९९ मधील मॉड 'व्हॉल्व्ह'ने आपलेसे करून २००० साली स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणले, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२०१५ चा संघर्ष :
२३ एप्रिल २०१५ रोजी व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम' या खेळाच्या मॉडची सशुल्क विक्री 'स्टीम'वर सुरू केली. किमतीपैकी निर्मात्यास २५ टक्के, व्हॉल्व्हला ३० टक्के आणि बेथेस्डाला ४५ टक्के वाटा होता. श्रम करणाऱ्याच्या पदरी चौथा हिस्साच पडावा, हा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. एक मॉड अनेकदा दुसऱ्याच्या मोफत कामावर उभे असते. मासेमारीचे एक सशुल्क मॉड अन्य निर्मात्याच्या कामावर अवलंबून असल्याच्या वादातून लगेच मागे घ्यावे लागले. विरोधाच्या निवेदनावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. २७ एप्रिल रोजी योजना रद्द होऊन ग्राहकांचे पैसे परत करण्यात आले.

२०१७ साली बेथेस्डाने 'क्रिएशन क्लब' आणला. त्यात कंपनीने निवडलेल्या निर्मात्यांचे नवे काम देखरेखीखाली तयार होऊन विकले जाई. डिसेंबर २०२३ मध्ये 'क्रिएशन्स' या व्यवस्थेने 'स्कायरिम'मध्ये मान्यताप्राप्त निर्मात्यांना सशुल्क विक्रीची संधी दिली. मोफत मॉडची परंपराही समांतर चालू राहिली.

निष्कर्ष :
हा वाद केवळ किमतीचा नव्हता. परस्परांच्या मोफत श्रमांतून जे सामाईक भांडार उभे राहिले, त्याचा धनी कोण, हा त्याचा गाभा होता. विरोधकांनी ऐच्छिक देणगीचा पर्याय सुचविला. मात्र देणगी हा हक्काचा मोबदला नव्हे. दुसरीकडे, पूर्वीच्या निर्मात्यांचे ऋण न मोजता केलेली विक्री न्याय्य ठरत नाही. विक्रीची सोय चार दिवसांत मोडता आली; परंतु सामूहिक निर्मितीतील व्यक्तीचा वाटा कसा ठरवावा, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही.