रंगभवन ते हळदीचा मांडव

मुंबई आणि ठाणे-कल्याण परिसरात स्वतंत्र रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीत लोकांपर्यंत पोचवण्यात मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा वाटा लहानच राहिला. ते पोचवले मासिकांनी, महाविद्यालयांच्या महोत्सवांनी, कॅसेटची नक्कल करून देणाऱ्या मित्रांनी आणि पुढे मोबाइलच्या दुकानांनी. स्वतंत्र संगीत म्हणजे चित्रपटासाठी न रचलेले, कंपनीने न मागवलेले आणि बहुधा कलाकाराच्याच पैशाने उभे राहिलेले संगीत. या व्याख्येत दक्षिण मुंबईत इंग्रजी गाणारे बँड जसे बसतात, तसेच ठाकुर्ली-डोंबिवलीकडच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री वाजणारे डीजे रिमिक्सही बसतात. पहिल्या प्रवाहाबद्दल बरेच लिहिले गेले. दुसऱ्याला संगीताच्या इतिहासात फार थोडी जागा मिळाली आणि हा अन्याय आहे.

ठाकुर्ली या दोन्ही प्रवाहांच्या वाटेवर आहे. ठाणे ते कल्याण लोहमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला. कल्याण-पुणे मार्गाच्या विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९मध्ये, इथल्या चोळे गावालगत रेल्वेचे वीजगृह उभे राहिले आणि त्याच्या आधाराने कामगारांची वस्ती वाढली. रेल्वेच्या चाळी एकीकडे, चोळे, कांचनगाव, खंबाळपाडा अशी आगरी वस्तीची गावे दुसरीकडे, आणि नंतरच्या काळात मुंबईत घर न परवडलेल्या मध्यमवर्गाच्या सोसायट्या, अशी इथली वस्ती बनली. रॉक ऐकणारा तरुण बहुधा सोसायटीतला, हळदीत नाचणारा गावातला. दोघे एकाच फलाटावर उभे राहत, पण एकमेकांचे संगीत त्यांना क्वचितच ठाऊक असे.

भारतात रॉक बँडांची पहिली मोठी पिढी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आली. नव्या बँडांची ओळख करून देण्याचे काम तेव्हा कलकत्त्याहून निघणाऱ्या ‘ज्युनिअर स्टेट्समन’ने केले. १९६७मध्ये सुरू झालेले आणि डेस्मंड डॉइग यांनी संपादित केलेले हे साप्ताहिक १९७७पर्यंत चालले. दुसरा आधार सिगारेट विकणाऱ्या कंपनीचा होता. ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी इम्पीरिअल टोबॅकोने देशभरातल्या बँडांची ‘सिमला बीट’ ही स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१च्या स्पर्धांतल्या गाण्यांच्या दोन लाँगप्ले तबकड्या काढल्या. मद्रास, बंगळूर, शिलाँग, मुंबई अशा दूरदूरच्या गावांतले बँड त्यांत एकत्र आले. त्यांतल्या कित्येकांची ध्वनिमुद्रित झालेली गाणी तेवढीच. १९७१मध्ये लोणावळ्याजवळ मळवली इथे ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुल्या मैदानावरचा रॉक महोत्सव झाला, तोही कल्याणहून पुण्याला जाणाऱ्या याच लोहमार्गावर.

या पिढीतले मराठी रसिकांच्या सर्वांत जवळचे नाव नंदू भेंडे यांचे. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचा हा मुलगा ‘वेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या मुंबईच्या बँडांत गायला. अलेक पदमसी यांनी १९७४मध्ये रंगमंचावर आणलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडास केला. १९७८मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ आला. त्यात भेंडे यांनी अंकुशची भूमिका केली, आणि भास्कर चंदावरकर व आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतही दिले. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच प्रयोगात आले. रॉक मैफलीचे तिकीट कधी न काढलेल्या मराठी प्रेक्षकाला विजेच्या गिटारचा आवाज नाट्यगृहात बसून ऐकायला मिळाला. मराठी रॉकचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या प्रयोगापासून करावी लागते. भेंडे २०१४मध्ये निवर्तले.

१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि प्रसाराची रीतच बदलली. आखाती देशांत कामाला गेलेले लोक सुटीवर येताना टू-इन-वन घेऊन येत. तबकडी छापायला कारखाना लागे. कॅसेटची नक्कल डबल डेक असलेल्या कुठल्याही घरात होत असे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून एकाने परदेशी बँडची कॅसेट विकत घ्यावी आणि ती कोऱ्या साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरत उतरत उपनगरांपर्यंत पोचावी, हा शिरस्ता झाला. प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे, मुखपृष्ठाची जागा पेनाने लिहिलेली यादी घेई. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होती. प्रसाराच्या दृष्टीने दुसरी वाट नव्हती.

याच कॅसेटने मराठी लोकगायकांना कंपनीच्या दारात ताटकळण्यापासून सोडवले. कल्याणला राहिलेले प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे, वेसाव्याची ‘वेसावकर आणि मंडळी’ यांची भीमगीते, भक्तिगीते, कोळीगीते लहान लहान कॅसेट कंपन्यांमुळे घरोघरी गेली. थोड्या भांडवलात थोड्या प्रती काढून त्या विकता येऊ लागल्या. रॉकच्या चाहत्यांनी पुढे मोठ्या अभिमानाने जी स्वावलंबी पद्धत सांगितली, ती महाराष्ट्रात लोकगीतांच्या बाजारात आधीच रुळलेली होती.

रॉकला हक्काचे व्यासपीठ मिळाले ते धोबीतलावच्या रंगभवनात. सेंट झेवियर्स महाविद्यालयाजवळच्या या खुल्या रंगमंचावर १९७८पासून ‘जॅझ यात्रा’ भरू लागली होती. फरहाद वाडिया यांनी १९८६मध्ये सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा महोत्सव पुढे रंगभवनशी एकजीव झाला. १९८४मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८मध्ये स्वतःच्या रचनांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला, तोवर बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत आणि श्रोतेही त्यांचीच फर्माईश करत. १९९३मध्ये याच बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९९४मध्ये उभ्या राहिलेल्या ‘पेंटाग्राम’ने पुढे गिटारशेजारी संगणकाचा आवाज बसवला, २००२चा त्यांचा ‘अप’ हा अल्बम रॉक आणि इलेक्ट्रॉनिक यांच्या सीमेवरचा आहे.

रंगभवनपासून बोरीबंदर स्थानक पायी पंधरा मिनिटांवर. ठाणे-कल्याणच्या श्रोत्यांना हे सोयीचे होते, आणि त्यांच्या मैफलीची वेळ ठरवणारेही तेच स्थानक होते. ठाकुर्लीला जलद लोकल थांबत नाही. शेवटच्या बँडसाठी रेंगाळायचे की मध्यरात्रीची धीमी गाडी पकडायची, हा निर्णय प्रत्येकाला करावा लागे. आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ त्या मानाने जवळ होता. पवईला जायला कांजुरमार्गला उतरायचे, आणि तिथल्या ‘लाइव्हवायर’ स्पर्धेत महाविद्यालयीन बँड फुकट ऐकायला मिळत. डोंबिवली-कल्याणमध्ये नाटक, व्याख्यानमाला, दिवाळी पहाट यांना मंच होते. रॉकला असा मंच उपनगरात क्वचितच मिळाला.

लेखी प्रसाराचे सर्वांत मोठे काम झाले अलाहाबादेत. अमित सैगल यांनी १९९३मध्ये तिथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढले. महानगरापासून इतक्या दूर असलेल्या गावातून निघालेल्या या मासिकाने ईशान्येपासून मुंबईपर्यंतच्या अनोळखी बँडांची माहिती, परीक्षणे आणि गाणी एकमेकांपर्यंत नेली. ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सवही त्यांचाच. सैगल जानेवारी २०१२मध्ये गोव्यात बुडून वारले. भारतीय रॉकला एकमेकांची ओळख करून देणारा त्यांच्याइतका कष्टाळू माणूस दुसरा झाला नाही.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय दोन्ही. काही वर्षांतच तिथल्या मैफली थांबल्या. ‘इंडिपेंडन्स रॉक’ उपनगरांतल्या मैदानांवर फिरला, पण स्वस्त तिकिटाची, स्थानकाजवळची ती जागा गेली. २००७मध्ये लोअर परळच्या गिरणीच्या आवारात निघालेल्या ‘ब्लू फ्रॉग’ने उत्तम ध्वनिव्यवस्था दिली आणि २०१६पर्यंत असंख्य नवे कलाकार ऐकवले. २०१०मध्ये पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. दोन्ही ठिकाणी संगीत चांगले होते, परंतु विद्यार्थ्याच्या खिशाला रंगभवन परवडे तसे ते परवडत नव्हते.

इलेक्ट्रॉनिक संगीताची कथा वेगळ्या दारातून सुरू होते. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी कल्याणजी यांनी क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. १९८२मध्ये चित्रपटसृष्टीतले वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी विकली गेली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच टीबी-३०३च्या आवाजावर ‘ॲसिड हाउस’ नावाची शैली उभी राहिली. २०१०मध्ये हॉलंडमधल्या एका संग्राहकाने सिंग यांची तबकडी पुन्हा काढली, तेव्हा जगाला तिचा शोध लागला, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या या वादकाला युरोपातून मैफलींची आमंत्रणे आली. २०१५मध्ये ते गेले. ती तबकडी कुणी जपून ठेवली होती, म्हणूनच हे झाले.

विजेची वाद्ये रस्त्यावर मात्र केव्हाच पोचली होती. मुंबई-ठाण्यात ज्याला बेंजो म्हणतात तो मूळच्या जपानी ताइशोगोतोचा वंशज असलेला बुलबुलतरंग. त्याला पिकअप बसवून, हातगाडीवरच्या कर्ण्यांतून त्याचा आवाज काढणारी बेंजो पथके लग्नात आणि गणपतीत वाजू लागली. १९८०च्या दशकानंतर त्यांत कॅसिओचे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. त्याच पथकांचे वादक आणि त्यांचे धाकटे भाऊ पुढे डीजे झाले.

आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. त्यातून विधी पुढे सरकतो. हळदीची रात्र त्याहून मोकळी. घरापुढच्या मांडवात सारा गाव नाचतो आणि त्या नाचाला ठेका हवा असतो. कोळीगीताचा झुलता ठेका तसाच ठेवून त्याखाली संगणकावरचा जड ड्रम बसवायचा, मधल्या जागा कीबोर्डच्या पिपाणीने भरायच्या, जुन्या कॅसेटमधल्या गायकाचा आवाज थोडा वेगात घ्यायचा, ही या रिमिक्सची घडण. बहुतेकांनी ते घरच्या संगणकावर ‘एफएल स्टुडिओ’सारख्या सॉफ्टवेअरने, कुणाकडे न शिकता केले. भिवंडीच्या संतोष चौधरी ऊर्फ दादूस यांच्यासारखे गायक हळदीच्या मंचावरूनच मोठे झाले; २०२१मध्ये ते ‘बिग बॉस मराठी’त दिसले, त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीकाठच्या गावांत त्यांचे नाव घरोघरी होते.

या संगीताचा प्रसार पाहण्यासारखा आहे. आधी स्थानकाबाहेर विकल्या जाणाऱ्या एमपी-थ्री सीडी आल्या. नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड दिले की थोड्या रुपयांत शेकडो गाणी भरून मिळू लागली. दुकानदार हाच निवड करणारा, गिऱ्हाईक पाहून नवे काय द्यायचे ते तोच ठरवी. तिथून ब्लूटूथने गाणे एका फोनमधून दुसऱ्यात गेले. मोबदला मिळण्याची सोय नसल्याने डीजे गाण्याच्या सुरुवातीला आणि मध्येच आपले नाव आणि गाव बोलून टाकत. जाणकार कानाला तो अडथळा वाटतो. वास्तविक ती कारागिराची सही होती, आणि तिच्याच जोरावर पुढच्या लग्नाची सुपारी मिळे. २०१६नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सारे यूट्यूबवर गेले.

शहरी कलाकारांनीही याच रस्त्याकडे कान वळवले. न्यूक्लिया या नावाने वाजवणाऱ्या उद्यन सागर यांनी गणपतीच्या मिरवणुकीतल्या आवाजावर आपली शैली उभारली आणि २०१५चा ‘बास रानी’ हा अल्बम लोकांना फुकट उतरवून घेऊ दिला. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाने २०१९मध्ये आरेच्या पाड्यातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर ‘द वारली रिव्होल्ट’ केले. त्यात मराठी रॅप, वारली सूर आणि इलेक्ट्रॉनिक ठेका एकत्र आहेत.

रंगभवन ज्या नियमांनी गप्प झाले त्यांनीच डीजेलाही गाठले. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये पक्की केली. २०१८च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाने डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठवायला नकार दिला. आवाजाचा त्रास खरा आहे आणि नियम हवेतच. पण दोन्ही वेळा आवाज बंद झाला तेव्हा तो दुसरीकडे कुठे व्हावा, याची सोय झाली नाही. कल्याण-डोंबिवलीसारख्या लाखोंच्या शहरात नव्या वादकासाठी वस्तीपासून दूर, रास्त भाड्याचा, ध्वनिरोधक मंच असणे ही मुळीच चैन नव्हे.

अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत १९६९मध्ये बसवलेल्या मूग सिंथेसायझरवर भारतीय संगीतकारांनी केलेले प्रयोग संस्थेच्या संग्रहात फितींवर पडून होते. ते २०२३मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास मागे सरकला. हळदीच्या रिमिक्सना असा संग्रह नाही. ती गाणी बंद पडलेल्या संगणकांत, जुन्या मेमरी कार्डांत आणि माळ्यावरच्या सीडींत आहेत, आणि ही माध्यमे कागदाइतकी टिकत नाहीत. ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी त्यांची प्रत काढावी आणि सोबत गायकाचे, डीजेचे, गावाचे नाव आणि साल लिहून ठेवावे. गावोगावच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी हे काम आताच हाती घ्यावे, कारण ती वाजवणारी पहिली पिढी अजून सांगायला आहे.