तीन सुटे भाग आणि एक कोटी पौंड : एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या विक्रीचा इतिहास

७ एप्रिल १९९० रोजी इंग्लंडमध्ये एका जुन्या स्पोर्ट्स कारचा सौदा ठरला. लिलावाचा हातोडा नाही, शोरूम नाही. मालक आणि ग्राहक यांच्यातला थेट करार. किंमत एक कोटी पौंड. गाडी साठ वर्षांहून जुनी होती आणि तिला जगभरचे मोटारवेडे एकाच नावाने ओळखत : ‘ओल्ड नंबर वन’. काही आठवड्यांतच खरेदीदाराने हात आखडता घेतला. त्याचे म्हणणे असे, की जी गाडी देऊ केली जात आहे ती ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले आणि मोटारींच्या इतिहासातला एक विलक्षण प्रश्न न्यायमूर्तींच्या मेजावर येऊन पडला. गाडी विकली जाते तेव्हा नेमके काय विकले जाते? लोखंड, की त्या लोखंडाची कहाणी?

आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

आधी त्या गाडीची ओळख करून घेणे आवश्यक आहे. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये आपली मोटार कंपनी स्थापन केली. गाड्या मजबूत आणि वेगवान होत्या, परंतु कंपनीच्या तिजोरीत कायम खडखडाट. १९२६ मध्ये वुल्फ बर्नाटो हा तरुण धनिक कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याचे वडील बार्नी बर्नाटो यांनी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून अफाट संपत्ती मिळवली होती. ती संपत्ती आता बेंटलीच्या इंजिनांत ओतली जाऊ लागली. बर्नाटो केवळ पैसा पुरवणारा मालक नव्हता. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तो तीन वेळा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला : १९२८, १९२९ आणि १९३०. यातले शेवटचे दोन विजय त्याने एकाच गाडीत मिळवले. सहा सिलिंडर, साडेसहा लिटरचे इंजिन असलेली ही ‘स्पीड सिक्स’ १९२९ च्या शर्यतीत १ हा क्रमांक लावून धावली, आणि तिचे नाव तिथूनच पडले. त्या वर्षी बर्नाटोचा जोडीदार टिम बर्किन होता, पुढल्या वर्षी ग्लेन किडस्टन. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलीचेच होते.

विजयांनी कंपनी वाचली नाही. जागतिक मंदीत महागड्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. १९३१ च्या उन्हाळ्यात बेंटलीचे दिवाळे वाजले आणि वर्ष संपण्यापूर्वी रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडी मात्र धावतच राहिली. त्याच वर्षी इंग्लंडमधील ब्रुकलंड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी तिला जिंकून दिले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन बसवण्यात आले. त्या सप्टेंबरमध्ये, त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत, जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी चालवत असताना ती ब्रुकलंड्सच्या उतरत्या काँक्रीट वळणाच्या माथ्यावरून बाहेर फेकली गेली. क्लाइव्ह जागीच ठार झाला.

कोणतीही सामान्य गाडी या टप्प्यावर भंगारात गेली असती. ही गेली नाही. अपघातातून वाचलेल्या भागांवर ती पुन्हा उभी करण्यात आली, तीही शर्यतीसाठी नव्हे, तर रस्त्यावर फिरण्याजोगी बंद छताची कूपे म्हणून. नंतरच्या दशकांत ती हातोहात फिरली आणि शेवटी १९९० च्या विक्रेत्यापर्यंत पोहोचली.

आता तो काळ पाहू. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या स्पोर्ट्स कार्सचे भाव गगनाला भिडले होते. १९८७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक बुगाटी रॉयाल ५५ लाख पौंडांना गेली. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि फेरारींच्या किमतींना उधाण आले. जपानमध्ये शेअर आणि जमिनी यांचा फुगा फुगलेला होता. तिथला पैसा युरोपातली चित्रे आणि मोटारी विकत घेत होता. ‘ओल्ड नंबर वन’ घेऊ पाहणारी मिडलब्रिज सिमिटर ही कंपनीही जपानी मालकीची होती. परंतु टोकियोच्या शेअर बाजाराचा निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस शिखरावर पोहोचून कोसळू लागला होता, आणि मोटारींचा बाजारही १९९० मध्ये उतरणीला लागला. तरीही खटला भावावर लढला गेला नाही. तो लढला गेला ओळखीवर.

खटल्यात तज्ज्ञांनी गाडीची अक्षरशः चिरफाड केली. कोणता भाग कोणत्या वर्षीचा, याची मोजदाद झाली. निष्कर्ष विक्रेत्याची झोप उडवणारा होता. १९२९ मध्ये ल मां जिंकणाऱ्या गाडीचे जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या विजेत्या गाडीचे तीन भाग सांगता येत होते : पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच आणि स्टीअरिंगचा दांडा. अपघातग्रस्त १९३२ च्या गाडीचे मात्र बरेच काही शिल्लक होते : चासी, स्प्रिंगा, पुढचा ॲक्सल, मागचे ब्रेक, आठ लिटरचे इंजिन, काही मीटर. म्हणजे ज्या दोन विजयांमुळे ही गाडी एक कोटी पौंडांची झाली, त्या विजयांच्या वेळचे लोखंड हातगाडीवर मावले असते.

आपल्याकडे जुनी गाडी नावावर करताना आरटीओत चासी नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात. चासी तीच, तर गाडी तीच, असा सरकारी हिशेब. ‘ओल्ड नंबर वन’ची १९२९ ची चासीच बदललेली होती, त्या कसोटीवर ती पहिल्याच खिडकीवर अडकली असती.

हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो : तू रथातून आलास ना? मग आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि रथ हे या साऱ्यांच्या आधाराने उभे राहिलेले एक नाव आहे, या निष्कर्षाशी येऊन पोहोचतो. छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय ज्याच्या नावाने ओळखले जाते तो हाच राजा. दोन हजारांहून अधिक वर्षांनंतर इंग्लंडच्या न्यायालयात तोच आस आणि तेच चाक पुन्हा मोजले जात होते. फरक इतकाच, की नागसेनासमोर एक कोटी पौंड टांगलेले नव्हते.

न्यायालयाकडे मात्र तत्त्वज्ञानाखेरीज स्वतःची एक परंपराही होती. इंग्लंडमध्ये खासगी व्यक्तीने जुनी गाडी विकणे ही विसाव्या शतकात नित्याची बाब झाली, आणि त्यासोबत भांडणेही. जुना दंडक सरळ होता : घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. व्यापारी नसलेल्या विक्रेत्याने मालाच्या दर्जाची हमी द्यावी अशी कायद्याची अपेक्षा नव्हती. इंजिन आठवड्याने बंद पडले, तर ते घेणाऱ्याचे नशीब.

१९५७ चा एक निकाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एका गृहस्थाने आपली मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून एका मोटार व्यापाऱ्याला दिली आणि तिच्यापोटी २९० पौंडांची सूट घेतली. गाडी निघाली १९३९ ची. नोंदणी पुस्तिकेत आधीच कुणीतरी फेरफार करून ठेवला होता; बिचाऱ्या विक्रेत्याला त्याचा पत्ताही नव्हता. न्यायालयाने बहुमताने विक्रेत्याची बाजू घेतली. त्याने पुस्तिकेत लिहिलेले तेवढे सांगितले, स्वतःच्या ज्ञानाची हमी दिली नाही. उलट खोटी नोंद ओळखण्याची साधने व्यापाऱ्याकडेच जास्त होती.

दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ‘बील विरुद्ध टेलर’ या खटल्यात पारडे दुसऱ्या बाजूला झुकले, आणि ‘ओल्ड नंबर वन’ समजून घ्यायला हाच खटला सर्वांत उपयोगी आहे. एका खासगी विक्रेत्याने जाहिरात दिली : हेरल्ड, उघड्या टपाची, पांढरी, १९६१, दोन कार्ब्युरेटर. ट्रायम्फ हेरल्ड ही तेव्हाच्या तरुणांना परवडणारी हौशी गाडी. खरेदीदार येऊन पाहून गेला, मागच्या बाजूला ‘१२००’ अशी पट्टी त्याने पाहिली आणि १९० पौंडांना गाडी घेतली. गाडी सरळ धावेना, म्हणून गॅरेजमध्ये दाखवली, तेव्हा उलगडा झाला. मागची अर्धी गाडी खरोखरच १९६१ ची हेरल्ड १२०० होती. पुढची अर्धी तिच्या आधीच्या, लहान इंजिनाच्या हेरल्डची. दोन गाड्या मधोमध कापून वेल्डिंगने एक केलेल्या. विक्रेत्यालाही हे ठाऊक नव्हते. तो प्रामाणिकपणे आपल्या समजुतीनुसार गाडी विकत होता.

खालच्या न्यायालयात विक्रेता जिंकला. गाडी पाहून घेतली आहे ना, मग तक्रार कसली? अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. खरेदीदाराने ती पाहिली हे खरे, परंतु त्याने घेतली ती ‘१९६१ ची हेरल्ड’ म्हणून. विक्रेता व्यापारी नसला तरी वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे, हे १८९३ च्या कायद्याच्या १३ व्या कलमाचे बंधन त्यालाही लागू होते. दर्जाची हमी नाही. वर्णनाची मात्र आहे. भरपाई १२५ पौंड. रक्कम किरकोळ, पण यामुळे खासगी विक्रेत्याच्या जाहिरातीतला प्रत्येक शब्द वजनदार झाला. दोन खटल्यांतला फरक मात्र बारीक आहे. एकात विक्रेत्याने केवळ कागदावरची नोंद पुढे केली, असे मानले गेले. दुसऱ्यात त्याच्या शब्दांनीच गाडीची ओळख ठरली. ही रेषा पुसट आहे, आणि मॉरिसचा विक्रेता काहीसा नशीबवान ठरला असे म्हणण्यास जागा आहे.

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करून पाहाव्यात. हेरल्डचा कण नि कण अस्सल ट्रायम्फचा होता, मागचा अर्धा भाग तर जाहिरातीत सांगितलेल्याच वर्षाचा, तरीही ती ‘१९६१ ची हेरल्ड’ नव्हती. ‘ओल्ड नंबर वन’मध्ये विजयाच्या वेळचे तीन सुटे भाग उरले होते, तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी २७ जुलै १९९० रोजी निकाल दिला, की हीच ‘ओल्ड नंबर वन’ होय.

त्यांचा युक्तिवाद काळजीपूर्वक वाचण्याजोगा आहे, कारण त्यात भावुकपणा नाही. गाडी ‘मूळ स्वरूपात’ आहे हा दावा त्यांनी साफ नाकारला. ‘जवळजवळ मूळ स्वरूपात’ हेही नाकारले. परंतु ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यामधल्या फटीतच सगळा निकाल सामावला आहे. शर्यतीच्या गाडीचे भाग बदलतच असतात. तो तिचा धर्म आहे. प्रत्येक शर्यतीनंतर ती उघडली जाते, झिजलेले काढून नवे बसवले जाते. प्रश्न असा, की बदलांच्या या मालिकेत कधी खंड पडला का? ती कधी मोडीत निघून, वर्षांनंतर इकडून तिकडून भाग गोळा करून पुन्हा ‘जन्माला’ घातली गेली का? तसे घडले नव्हते. ल मां, ब्रुकलंड्स, अपघात, पुनर्बांधणी, कूपे : साखळी अखंड होती. याच नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. विकायला निघाले होते ते धातूसोबत तिचा इतिहास आणि तिची कीर्तीही, असे न्यायमूर्तींनी स्पष्ट नोंदवले. करार खरेदीदारावर बंधनकारक ठरला.

हा निकाल सर्वांना पटलेला नाही. याच तर्काने उद्या एखादा चलाख विक्रेता पेडलचा दांडा दाखवून संपूर्ण गाडीचा इतिहास विकू लागेल, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण उलट बाजूही तितकीच अडचणीची. मूळ लोखंडाचाच आग्रह धरला, तर न धावलेली, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडी सर्वांत अस्सल ठरेल, आणि जिंकण्यासाठी झिजलेली बनावट. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातली दुसरी चूक अधिक गंभीर वाटली पाहिजे.

हेरल्डच्या खरेदीदाराला वाचवणारे ते १३ वे कलम भारतातही आले. १९३० च्या भारतीय माल विक्री कायद्यात ते १५ व्या कलमाच्या रूपाने आहे, आणि पुण्यात वा नाशिकमध्ये जाहिरात देऊन आपली जुनी गाडी विकणाऱ्यालाही लागू आहे. तो कायदा अमलात आला १ जुलै १९३० रोजी. ‘ओल्ड नंबर वन’ने ल मां दुसऱ्यांदा जिंकली होती त्याच्या नऊ दिवस आधी, २२ जूनला.