शब्दाची जागा

घरी चित्रगृह उभारताना पहिला विचार पडद्याच्या आकाराचा होतो, दुसरा दणक्याचा. संवाद ऐकवणारा मधला स्पीकर बहुधा यादीत शेवटी येतो. या उपेक्षेला इतिहास आहे.

१९५३ साली ‘द रोब’ हा सिनेमास्कोप चित्रपट आला. त्याच्यासाठी चार चुंबकीय ध्वनिमार्ग योजले होते : तीन पडद्यामागे, चौथा प्रेक्षागृहात. डावा-उजवा असताना मधला कशासाठी? कडेच्या प्रेक्षकाला जवळचाच स्पीकर अधिक ऐकू येतो. पडद्याच्या मध्यभागी उभे असलेले पात्र त्याच्यापुरते कोपऱ्यातून बोलू लागते. मधल्या स्पीकरने शब्द बोलणाऱ्याच्या मुखाशी बांधून ठेवला.

घरी मात्र उलटे घडले. १९८२च्या डॉल्बी सराउंडने प्रेक्षकाच्या पाठीमागचा ध्वनी घरात आणला. मधला ध्वनिमार्ग आला तो १९८७च्या प्रो लॉजिकबरोबर. वातावरण आधी, वाणी मागाहून!

निवड करताना हा क्रम आपण उलटवायला हवा. एकट्यानेच मध्यभागी बसून पाहणाऱ्याचे दोन चांगल्या स्पीकरांवरही भागते. घरची चार माणसे ओळीने बसणार असतील, तर मधला उत्तम हवा; दणका नंतर. प्रभातच्या ‘संत तुकाराम’सारख्या (१९३६) एकमार्गी ध्वनीच्या चित्रपटाला तर पाठीमागचे स्पीकर लागतच नाहीत. तिथे विष्णुपंत पागनीसांचा स्वर समोरून, स्वच्छ यावा, एवढेच मागणे असते. भाषेवर प्रेम करणाऱ्याने उपकरणाची परीक्षा स्फोटाच्या दृश्यावर घेऊ नये; हलक्या आवाजातल्या संवादावर घ्यावी.