चुन्याचा नुस्खा

काशीदहून मुरुड ओलांडून राजपुरीला गेलो की समुद्रात सिद्दींचा जंजिरा दिसतो. त्याचे दगड चुन्याने सांधलेले. चुना घाणीत मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे, ही जुन्या गवंड्यांची रीत. १९१४ साली पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले आणि पुढे नुस्खाच बदलला. सिमेंट रातोरात घट्ट होते; चुना महिनोन्महिने हवा पिऊन पिकतो. एवढा सब्र आम्हाला कुठला? घरांच्या, मशिदींच्या चुनेगच्ची भिंतींवर आम्ही सिमेंटचा गिलावा चढवला, वर ‘पक्के काम’ म्हणून मिरवलो. खारी ओल आत कोंडली. विटा भुसभुशीत झाल्या. आता पुन्हा चुना लावावा म्हटले, तर गुळाचे प्रमाण विचारायचे कोणाला? ते ज्यांच्या हातात होते, त्या गवंडीचाचांना सिमेंटची पाटी आम्हीच दिली होती.